सांगायचं नाही का आधी?

संक्रांत जवळ आली की निफाडचा पारा किती खाली गेला, ही बातमी आमच्याकडे पहिल्या पानावर येते. द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करत बसतात, कारण कडाका वाढला की मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. शहरात मात्र थंडीचं कौतुकच जास्त. हुरडा, स्वेटर, धुक्याचे फोटो. या कौतुकात एक गोष्ट राहून जाते. एरवी हसण्यावारी जाणारी अडचण थंडीत माणसाला रडकुंडीला आणते. मे महिन्यात गीझर बंद पडला तर कोणाला पत्ताही लागत नाही. जानेवारीत सकाळी सहाला तो रुसला की घरात भांडण लागतं.

आमच्या घरची गेल्या वर्षीची भोगी अशीच उगवली. रात्रीतून डीपीवरचा फेज गेलेला, त्यामुळे मोटर चालेना आणि वरची टाकी कोरडी. गीझरचा प्रश्नच नव्हता. भरून ठेवलेलं पाणी गॅसवर चढवलं, तर ते कोमट व्हायच्या आत सिलिंडर संपला. दुसरा आधीच रिकामा. एजन्सीत फोन केला तर, सणामुळे गाड्या उशिरा आहेत, परवा बघू, असं उत्तर. परातीत बाजरीचं पीठ, ताटात वांगी, गाजर, घेवडा, सोलाणे चिरून-निवडून तयार, आणि शिजवायचं कशावर? घरात जो तो दुसऱ्यावर खेकसत होता. शेवटी बायकोने वरच्या मजल्यावर जाऊन विचारलं, "काकू, जादा सिलिंडर असेल का हो?" काकूंनी आधी रागावून घेतलं. "अगं, सांगायचं नाही का आधी? सकाळपासून काय करत बसलात?" मग त्यांच्या मुलाने सिलिंडर खांद्यावरून खाली आणून रेग्युलेटरही लावून दिला. मागच्या बंगल्यात अजून तांब्याचा बंब आहे. तिथून कढत पाण्याच्या बादल्या आल्या. दुपारपर्यंत आमच्या ओट्यावर इतक्या घरांची भोगीची भाजी जमली की आमची करायची गरजच उरली नव्हती. तरी केली. आलेल्या वाट्या रिकाम्या परत कशा पाठवायच्या?

मदत मिळाली याचं आम्हाला नवल वाटत नाही. वेळेला धावून येणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. नवल वाटतं ते काकूंच्या रागाचं. मागायला उशीर केला, ही त्यांची तक्रार होती. देणाऱ्याचे गोडवे आपण सणावारी गातो. मागणाऱ्याला मात्र ओशाळं करून ठेवलं आहे. "कोणाचे उपकार नकोत बाबा" हे वाक्य आता सुसंस्कृतपणाचं लक्षण समजलं जातं. सगळेच असे स्वयंपूर्ण झाले तर द्यायचं कोणाला?

शिवाय किरकोळ देणंघेणं थांबलं की शेजारच्या घराची माहितीही जाते. कोण एकटं राहतं, कोणाला ऐकू कमी येतं, आजोबा कुठल्या खोलीत झोपतात, हे चौकश्या करून कळत नाही, वाटीभर विरजण मागायला आत गेल्यावर कळतं. या माहितीचं मोल किती, हे जपानने एका जानेवारीत पाहिलं. संक्रांत होऊन तीनच दिवस झाले होते. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५.४६ वाजता, कडाक्याच्या थंडीत कोबे परिसरात भूकंप झाला आणि सहा हजारांहून अधिक माणसं गेली. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना बाहेर काढलं ते घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी. आवाजी बेटावरच्या होकुदान या लहानशा गावात कोण कुठल्या खोलीत झोपतं हे शेजाऱ्यांना आणि गावच्या स्वयंसेवक अग्निशामकांना ठाऊक होतं, म्हणून खणायचं कुठे याचा शोध घेत बसावं लागलं नाही.

सिलिंडरवरून थेट भूकंपावर गेलो, हे मान्य. पण ओळख लागते ती सिलिंडरपासूनच.

आता दहा मिनिटांत साखर दारात येते. आणणाऱ्यालाही "दारातच ठेवा" असं फोनवर सांगता येतं. या सोयीला नावं ठेवण्यात अर्थ नाही; गुडघे दुखणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला तिचा मोठा आधार आहे. मात्र अर्ध्या वाटी साखरेसाठी बेल वाजवायचं निमित्त त्यात गेलं, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पार्किंगच्या तक्रारी तेवढ्या उरल्या.

निमित्त म्हणून हळदीकुंकू अजून टिकून आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका एकमेकींच्या घरी, थेट आतल्या खोलीपर्यंत जातात. वाण म्हणून मिळालेला प्लास्टिकचा डबा घरी नेऊन माळ्यावर टाकला तरी जाणंयेणं होतं. पण या चालीचं दार वर्षानुवर्षं अर्धंच उघडं राहिलं, हेही सांगितलं पाहिजे. नवरा गेलेल्या बाईला, म्हणजे आधाराची गरज सर्वांत जास्त असलेल्या शेजारणीलाच, बोलावणं नसे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारनेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांपुढे तो कित्ता ठेवला. आता काही ठिकाणी सगळ्याजणींना बोलावून हळदीकुंकू होतं. जिथे अजून होत नाही, तिथे परिपत्रकाची वाट कशाला पाहायची? यादी करणाऱ्या बाईच्या हातात पेन असतंच.

त्या यादीत आणखीही कोणी नसतात. भाड्याने राहणारी मुलं, एकटी नोकरदार मुलगी, जिन्याखालच्या खोलीतलं वॉचमनचं कुटुंब. त्यांच्याकडे तिळगूळ द्यायला जावंच, पण जमलं तर काही मागायलाही जावं. किसणी चालेल, शिडी चालेल. आमच्या इमारतीत त्या भोगीला मोटरचं झाकण उघडायला पाना हवा होता. तो तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलांकडे निघाला, आणि एका मुलाला मोटरमधलं थोडंफार कळतही होतं. ज्यांनी महिनाभरापूर्वी त्यांच्या गाण्यांच्या आवाजाबद्दल लेखी तक्रार केली होती, तेच गृहस्थ त्याला बॅटरी धरून उजेड दाखवत उभे होते.