किलोवॅटचा प्रश्न शेवटी

स्वित्झर्लंडमध्ये छतावर सौर पॅनेल बसवायचे तर बांधकाम परवानगी काढण्याची गरज 1 मे 2014 पासून बहुतांशी उरली नाही. नियोजन कायद्याच्या कलम 18अ नुसार छताशी पुरेशी जुळणारी यंत्रणा असेल, तर नगरपालिकेला आगाऊ कळवले की भागते. पण ‘जुळणारी’ ठरण्याचे निकष उतरत्या छतांकडे पाहून लिहिले होते. पॅनेल छताच्या पृष्ठभागापासून 20 सेंटीमीटरहून वर येता कामा नये, ही अट कौलारू घराला चालते; सपाट छतावर मात्र पॅनेल जरा तिरके केले की ती मोडते. 1 जुलै 2022 च्या दुरुस्तीने ही अडचण दूर केली. आता सपाट छतावरचे पॅनेल छताच्या काठाच्या वरच्या कडेपासून 1 मीटरपर्यंत उंच जाऊ शकते. मात्र खालून 45 अंशांच्या कोनात पाहिल्यास ते दिसू नये इतके आत असावे आणि त्याची चकाकी कमी असावी. हिशेब सोपा आहे: पॅनेलची वरची कड काठापेक्षा 60 सेंटीमीटर उंच असेल, तर ती काठापासून निदान 60 सेंटीमीटर आत घ्यायची. राष्ट्रीय आणि कँटन (प्रांत) पातळीवरच्या वारसा वास्तूंना परवानगी आजही लागते. बाकी बहुतेक ठिकाणी सरकारी टेबलावरची छाननी गेली. आमच्या मते या सवलतीचा खरा अर्थ असा, की ती छाननी आता आराखडा करणाऱ्याने स्वतः करायची आहे. तिची सुरुवात छतावर किती किलोवॅट मावतात या प्रश्नाने होऊ नये. तो प्रश्न शेवटी यावा.

प्रत्यक्षात तोच आधी येतो, आणि त्यामागे भूमितीचे भक्कम कारण आहे. झुरिक 47 अंश उत्तर अक्षांशाच्या थोडे वर आहे. तिथे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 19 अंश वर असतो. 1.1 मीटर रुंदीचे पॅनेल दक्षिणेकडे 30 अंशांनी कलते केले, तर त्याची मागची कड सुमारे 55 सेंटीमीटर उचलली जाते आणि त्या दुपारी तिची सावली जवळजवळ 1.6 मीटर लांब पडते. म्हणजे दोन रांगांमध्ये पॅनेलच्या रुंदीपेक्षा जास्त जागा मोकळी सोडावी लागते. तेच पॅनेल 10 अंशांवर आणले की कड 19 सेंटीमीटर उचलली जाते आणि सावली अर्ध्या मीटरच्या आसपास येते. त्यातही रांगा पूर्व-पश्चिम अशा पाठीला पाठ लावून मांडल्या, तर छत जवळपास भरून निघते, वारा आत शिरून पॅनेल उचलायला कमी वाव मिळतो आणि खाली ठेवायचे वजनही कमी लागते. दर किलोवॅटमागचे वार्षिक उत्पादन दक्षिणेच्या मांडणीपेक्षा साधारण दहा ते पंधरा टक्के घटते, पण किलोवॅटच इतके वाढतात की एकूण युनिट जास्त निघतात. ही मांडणी चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळ छतांना तीच योग्य ठरेल. आमचा आक्षेप आहे तो छत न पाहता ती आधीच ठरवून टाकण्याला.

छत पाहायचे म्हणजे आधी त्याचे वय पाहायचे. सपाट छताचे वॉटरप्रूफिंग साधारण 25 ते 30 वर्षे टिकते. पॅनेलचे आयुष्यही तेवढेच किंवा थोडे जास्त. पंधरा वर्षांच्या जुन्या थरावर नवी यंत्रणा चढवली, तर ती अर्ध्या आयुष्यातच उतरवून पुन्हा बसवावी लागणार, आणि हा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात कुठेच नसतो. दुसरा मुद्दा भाराचा. वजनावर टेकवलेली यंत्रणा दर चौरस मीटरला साधारण 15 ते 30 किलो भार टाकते. तो थोडा वाटतो, पण बर्फ आणि वाऱ्याचा भार त्याच स्लॅबवर आधीच मोजलेला असतो, आणि छताच्या कोपऱ्यांत व काठालगत वाऱ्याची ओढ सर्वात जास्त असते. अनेक जुन्या छतांवर पाच सेंटीमीटर खडीचा थर असतो आणि त्याचे वजन चौरस मीटरला 80 किलोंच्या वर जाते. ती खडी पॅनेलखालच्या तबकांत भरली, तर काँक्रीटचे ठोकळे वर चढवावे लागत नाहीत आणि स्लॅबवर पडणारा जादा भारही फार वाढत नाही. तिसरा मुद्दा माणसांचा. पाण्याची तोंडे साफ करायला, इन्व्हर्टर पाहायला माणूस वर जाणारच. 2022 पासून स्विस बांधकाम सुरक्षा नियमांत छतावरून 2 मीटरहून खोल पडण्याचा धोका असेल तिथे संरक्षण सक्तीचे आहे. पॅनेल काठापर्यंत नेले आणि वाट ठेवलीच नाही, तर हा नियम कागदावर पाळला जाईल आणि छतावर मोडेल.

यानंतर येते हिरवाई. बासेलने 2002 मध्ये कायदा करून नव्या व नूतनीकरण केलेल्या सपाट छतांवर हिरवा थर सक्तीचा केला. झुरिकच्या बांधकाम नियमांत तर स्पष्ट म्हटले आहे, की गच्ची म्हणून न वापरलेले सपाट छत, त्यावर सौर यंत्रणा असली तरी, तांत्रिक आणि आर्थिकदृष्ट्या शक्य तितके हिरवे करावे. बसवणाऱ्यांची तक्रार अशी, की झाडे वाढतात, सावली करतात आणि दरवर्षी माळी बोलवावा लागतो. तक्रार खरी आहे, पण तिचे मूळ बहुधा आराखड्यात सापडते. 10 अंशांच्या पॅनेलची खालची कड मातीपासून हातभरही वर नसेल, तर पहिल्याच उन्हाळ्यात गवत तिच्यावर येणार. कड पुरेशी उचलली, पॅनेलसमोरच्या पट्ट्यात पातळ माती आणि बुटकी सेडमसारखी झाडे ठेवली आणि जाड माती पॅनेलच्या मागे सरकवली, तर भांडण बरेचसे मिटते. मातीच स्ट्रक्चर धरून ठेवणारे वजन होते. तिच्याखालचे वॉटरप्रूफिंग ऊन आणि तापमानाच्या चढउतारापासून वाचते, आणि पावसाचे पाणी सावकाश गटारात जाते. सिलिकॉन पॅनेल तापले की दर अंशाला 0.3 ते 0.4 टक्के क्षमता गमावते. हिरवळीच्या थंडाव्याचा त्यावर होणारा फायदा छोटा आहे, त्याच्या जोरावर हिरवाई विकू नये. तिची बाजू पाणी, जीवसृष्टी आणि छताचे आयुष्य यांवरच पुरेशी भक्कम आहे. झुरिकच्या वोलिसहोफेन भागात 1914 मध्ये बांधलेल्या जलशुद्धीकरण केंद्राच्या सपाट छतांवर माती पसरली होती. आज तिथे दुर्मिळ ऑर्किड वाढतात. छतावरची माती हा आजकालचा शोभेचा प्रकार नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

सर्वात कमी चर्चा होते ती ऋतूची. 9 जून 2024 रोजी स्विस मतदारांनी 68.7 टक्के मतांनी नवा वीज कायदा मंजूर केला. त्यात जलविद्युत वगळून नवीकरणीय विजेचे लक्ष्य 2035 साठी 35 आणि 2050 साठी 45 टेरावॅट-तास ठेवले आहे. देशाची अडचण मात्र हिवाळ्याची आहे: त्या सहा महिन्यांत नद्यांचे पाणी आटते, विजेची गरज वाढते आणि वीज बाहेरून आणावी लागते. मैदानी भागात 10 अंशांची पूर्व-पश्चिम मांडणी वर्षाच्या उत्पादनापैकी साधारण एक चतुर्थांश हिवाळ्यात देते, दक्षिणेची 30 अंशांची मांडणी तीस टक्क्यांच्या जवळ जाते, आणि जवळजवळ उभी दक्षिणमुखी पॅनेल चाळीसच्या आसपास पोचतात. बर्फही त्यांच्यावर टिकत नाही. म्हणूनच 75 अंश आणि त्याहून उभ्या पॅनेलना सरकारी अनुदानात वेगळा बोनस आहे. सपाट छत हीच अशी जागा आहे जिथे कोन आपल्या हातात असतो. छताचा काही भाग उभ्या, दोन्ही बाजूंनी वीज देणाऱ्या पॅनेलसाठी ठेवता येतो, आणि अशा रांगांखाली हिरवाईलाही ऊन-पाऊस मिळतो. वाऱ्याचा भार त्यांच्यावर जास्त येतो, म्हणून कोपरे आणि काठ टाळावे लागतात. एक मीटरची मर्यादा आडवी आलीच, तर रीतसर परवानगीचा मार्ग खुला आहेच.

यावर सर्वात वजनदार आक्षेप निकडीचा आहे. ऊर्जा खात्याच्या 2019 च्या अंदाजानुसार छते आणि भिंती मिळून वर्षाला 67 टेरावॅट-तास देऊ शकतात, त्यांत छतांचा वाटा 50 चा. मग एक चौरस मीटर तरी रिकामा का ठेवायचा? उत्तर त्याच आकड्यांत आहे. ही क्षमता लक्ष्यापेक्षा मोठी आहे. म्हणजे उणीव जागेची कमी आणि योग्य वेळी मिळणाऱ्या विजेची जास्त आहे. उन्हाळ्याच्या दुपारचा जादा किलोवॅट-तास दिवसेंदिवस स्वस्त होत चालला आहे. 2026 पासून 30 किलोवॅटखालच्या यंत्रणांना ग्रिडला दिलेल्या विजेचा किमान दर किलोवॅट-तासाला 6 रॅपेन (स्विस फ्रँकचे शंभरांश) आहे आणि वीज वितरकांना वर्षाच्या उत्पादनापैकी 3 टक्क्यांपर्यंत कपात करण्याची मुभा आहे. दुसरा आक्षेप असा, की इमारतीची स्वतःची गरज भागेल एवढेच लावावे. तोही आता कमकुवत झाला आहे. 2026 पासून एकाच नगरपालिकेतील लोक सार्वजनिक तारांवरून आपसांत वीज वाटून घेऊ शकतात, आणि जिथे निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहतात तिथे भाडेकरूंना मोठ्या छताचा वाटा देण्याची ही सोय महत्त्वाची आहे. मात्र अशा वाटपाला सकाळ-संध्याकाळ आणि हिवाळ्यात येणारी वीज अधिक मोलाची असते, फक्त दुपारची नव्हे.

महाराष्ट्रात सूर्य वेगळा आहे. पुण्यात हिवाळ्यातील दुपारीही तो 48 अंशांवर असतो; बर्फ नाही, आणि विजेची तंगी उन्हाळ्यात. त्यामुळे झुरिकचा कोन इथे उचलून उपयोग नाही. क्रम मात्र उचलण्याजोगा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेमुळे आपल्याकडेही अनुदानाचा आकडा किलोवॅटवरच ठरतो, आणि गळणाऱ्या गच्चीवर स्ट्रक्चरचे पाय ठोकण्याचा मोह तितकाच मोठा आहे. म्हणून साइट-व्हिजिटच्या कागदावर पहिल्या ओळीत वॉटरप्रूफिंगचे वय लिहा, मग स्लॅबचा भार, पाण्याची तोंडे, चालायची वाट, हिरव्या थराची अट, कोणत्या महिन्यातली वीज हवी ते. आणि किलोवॅटचा रकाना या सगळ्याची उत्तरे आल्यावरच भरा. ग्राहकाला आकडा एक दिवस उशिरा मिळेल, पण तो पंचवीस वर्षे टिकणारा असेल.