संगीताचें कोठार कीं खिडकी?

नवा टॅब्लेट बाजारांत आला, कीं त्याच्याबरोबर एक जुनेंच विधान नव्या झळाळीनें फिरूं लागतें. ‘संगीताच्या शोकिनास आतां आणखी कांहीं नको, सारें या एका पातळ पाटींत मावतें,’ हें तें विधान. विक्रेत्यानें तें करावें यांत नवल नाहीं; आपल्या मालाची थोरवी गाणें हा त्याचा धंदाच आहे. परंतु सुशिक्षित कुटुंबांतील जाणतीं माणसेंही जेव्हां तेंच वाक्य उच्चारूं लागतात, आणि त्याच्या भरंवशावर घरांतील तबकड्या, कॅसेटी व सीड्या रद्दीवाल्याच्या स्वाधीन करूं लागतात, तेव्हां स्वस्थ बसणें आम्हांस उचित वाटत नाहीं.

प्रथम मापाचा हिशेब पाहूं. सीडीवरील ध्वनि सेकंदास ४४,१०० वेळां मोजलेला असतो, व प्रत्येक मोजणीस डाव्याउजव्या दोन्ही बाजूंसाठीं सोळा सोळा बिट लागतात. या मानानें तासाभराच्या गाण्यास सुमारें ६३५ मेगाबाइट जागा पडते. ‘फ्लॅक’सारख्या पद्धतीनें, कांहींही न गमावतां, ही जागा साधारणतः निम्म्यावर आणतां येते. ज्या घरीं एक हजार तासांचा संग्रह आहे, (आणि तीन पिढ्या गाणें ऐकत आलेल्या घरांत तो असणें मुळींच अशक्य नाहीं,) त्या घरास तीनशें गिगाबाइटांहून अधिक जागा हवी. २०१० सालीं ॲपलचा पहिला आयपॅड निघाला, त्याची सर्वांत मोठी जात ६४ गिगाबाइटांची होती. उलट त्याच कंपनीचा, मुख्यतः गाण्यासाठींच घडविलेला आयपॉड क्लासिक २००९ सालापासून १६० गिगाबाइट भार वाहत होता. म्हणजे पडदा मोठा झाला आणि पोट लहान झालें! पुढें २०१४ सालीं तो आयपॉडही बंद करण्यांत आला.

‘हा शिळा हिशेब झाला,’ असें आमचे प्रतिपक्षी म्हणतील. ठीक आहे. आयपॅड प्रो २०२१ सालीं दोन टेराबाइटांपर्यंत पोंचला; २०१९ सालापासून आयपॅडला बाहेरची डिस्क जोडून तिच्यावरील फायली उघडतां येतात; कित्येक अँड्रॉइड टॅब्लेटांत मेमरी कार्डासाठीं खांचही असते. परंतु टॅब्लेटच्या पोटांतील जागेचें मोल साध्या डिस्कवरील तेवढ्याच जागेच्या कित्येक पट पडतें, हें विकणारा आपण होऊन सांगत नाहीं. तसेंच, २०१८ सालीं आयपॅड प्रोमधून व २०२२ सालीं साध्या आयपॅडमधूनही हेडफोनचें भोंक नाहींसें झालें, हेंही तो सांगत नाहीं.

तथापि जागेचा प्रश्न पैशानें सुटतो. मांडणीचा प्रश्न पैशानेंही सुटत नाहीं. टॅब्लेटवरील बहुतेक साधनें ‘गायक, आल्बम, गाणें’ या तीन खणांच्या कपाटासारखीं असतात. तें कपाट चित्रपटगीतांस पुरत असेल. आमच्या संगीतास तें पुरत नाहीं. ख्यालाच्या श्रोत्यास राग, ताल, बंदिश, साथीदार, मैफलीचें ठिकाण व साल हवें असतें. एकाच गायकाचा एकच राग चार मैफलींत चार तऱ्हांनीं उभा राहतो, आणि त्या चार तऱ्हा एकमेकींशेजारीं ठेवून ऐकणें हाच तर संग्रहाचा खरा आनंद. ‘मानापमान’ रंगभूमीवर आलें १९११ सालीं; पदें खाडिलकरांचीं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि गाणारे अनेक. मग तें पद ठेवावें कोणत्या खणांत? त्यांतच एका फायलीवर ‘भीमपलास’, दुसरीवर ‘भीमपलासी’, तिसरीवर ‘भीमपलाशी’ असें लिहिलें असेल, तर यंत्र एका रागाचे तीन राग करून मोकळें होतें. अशा हजारों फायली संगणकावर एका बैठकींत दुरुस्त करतां येतात. टॅब्लेटवर बोटानें एकेक करीत बसणें म्हणजे सागर ओंजळीनें उपसणें होय.

आतां दुसरा, अधिक घातक युक्तिवाद. ‘संग्रह हवाच कशाला? मासिक वर्गणी भरा, सर्व संगीत क्लाउडमध्यें आहे.’ या मेघांतून कांहीं काळ उत्तम वृष्टि होते, हें खरें. पण मेघ कोणाच्या मालकीचे नसतात, आणि हा मेघ तर दुसऱ्याच्याच मालकीचा असतो. गूगल प्ले म्युझिकनें लोकांस स्वतःचीं पन्नास हजार गाणीं ठेवूं दिलीं, आणि २०२० सालीं ती पेढीच बंद झाली. गाणीं दुसरीकडे हलविण्याची सोय होती, परंतु मुदतींत. २०२४ सालीं विंक म्युझिकनेंही दुकान आवरलें. भाड्याच्या घरांत राहणें हा गुन्हा नव्हे. भाड्याच्या घरास वडिलोपार्जित समजणें हा मात्र भोळेपणा आहे.

शिवाय, खरें धन त्या मेघांत नसतेंच. गांवच्या गणेशोत्सवांतील बैठक आजोबांनीं कॅसेटवर घेतली. कोणा आत्यानें रेडिओवरील कार्यक्रम टिपून ठेवला. घरीं झालेल्या मैफलींत एका आतां हयात नसलेल्या गवयानें पहांटेची भैरवी म्हटली. हें कोणती कंपनी विकणार? जुन्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आज ऐकावयास मिळतात, त्याचें पुष्कळसें श्रेय खासगी संग्राहकांच्या चिकाटीस आहे. त्यांनीं ‘सारें बाजारांत मिळतें’ असें म्हटलें असतें, तर आमचे कान आज किती दरिद्री असते!

टॅब्लेट फेंकून द्या, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यावर तंबोरा लावून रियाज करतां येतो, स्वरलिपि वाचतां येते, आणि घरांतील डिस्कवरील संग्रह वायफायवरून कोणत्याही खोलींत ऐकतां येतो. ही उत्तम खिडकी आहे. तिला कोठार म्हणूं नये, इतकेंच आमचें मागणें. संग्रह स्वतःच्या डिस्कवर, सर्व यंत्रांस वाचतां येईल अशा रूपांत ठेवावा. त्याची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर, शक्य तर निराळ्या घरीं असावी. आणि मूळ कॅसेट, नक्कल झाली म्हणून टाकूं नये. कॅसेटीवरील फीत वर्षागणिक झिजते. म्हणून हें काम येत्या सुट्टींतच हातीं घ्यावें. नवा टॅब्लेट त्यानंतर घेतला तरी चालेल.