'आग' म्हणा, भूकंप नको

कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास प्रस्तरभंग सुमारे १,२०० किलोमीटर लांबीचा आहे. कॅरिझोच्या माळरानावर वॉलेस क्रीक हा ओढा या रेषेशी येताच एकदम वळतो आणि सुमारे १३० मीटर सरकून पुन्हा आपली वाट धरतो. जमीन काही लपवत नाही. लपवतो तो माणूस. १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्को हादरले, मग जळाले. विमा आगीचा होता आणि गुंतवणूकदार बिचकायला नको होते. म्हणून शहरातील धुरिणांनी त्या आपत्तीला 'आग' म्हणणेच पसंत केले. मृतांचा आकडाही शेकड्यांतच सांगितला गेला. आज तो ३,०००च्या घरात मानला जातो. शब्दनिवड ही निव्वळ शैलीची बाब समजणाऱ्या समीक्षेने हा एक शब्द तरी नीट वाचावा.