मोगऱ्याचा हिवाळा

घरच्या कुंडीतला मोगरा मरतो तो बहुधा हिवाळ्यात, आणि मरतो तो थंडीपेक्षा पाण्याने. मार्च-एप्रिलमध्ये नर्सरीतून कळ्यांनी लगडलेलं रोप येतं, उन्हाळाभर फुलतं, पावसाळ्यात पानांनी भरतं. नोव्हेंबरात नवी फूट थांबते, पानं पिवळी पडू लागतात. घरच्यांना वाटतं, झाड तहानलंय. मग रोज तांब्याभर पाणी आणि वर मूठभर खत. जानेवारीपर्यंत कुंडीत काटक्या उरतात, मार्चमध्ये नवं रोप येतं. दरवर्षी एक झाड फेकून दुसरं आणण्याची ही सवय मोडायला हवी. त्यासाठी वेगळा खर्च नाही की मेहनत नाही. हिवाळ्यात हात आवरता आला पाहिजे.

मोगरा उष्ण प्रदेशातला. रात्रीचा पारा उतरला की त्याची वाढ मंदावते आणि पाण्याची उचल घटते. तरीही माती सतत ओली ठेवली, तर तिच्यातली हवा कोंडते, बुरशी लागते, मुळं कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं मलूल होतात. ती पाहून आणखी पाणी घातलं जातं, आणि झाड हातचं जातं.

वाढीची ही हिवाळी विश्रांती बागायतदार मुद्दाम घडवून आणतात. नागपूरकडे आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याचं पाणी डिसेंबरच्या सुमारास तोडतात. याला ताण देणं म्हणतात. मोगऱ्याच्या मळ्यांतही हिवाळ्यात पाणी तोडून छाटणी करण्याची रीत आहे. शेतातली मुळं खोल गेलेली असतात, त्यामुळे तिथे कडक ताण चालतो. बाल्कनीतल्या कुंडीत माती थोडी, म्हणून ताण हलकाच हवा. बोट दोन पेरं मातीत घालावं. कोरडं लागलं तरच पाणी द्यावं, तेही सकाळी. खत जानेवारीपर्यंत पूर्ण बंद. निफाडसारख्या ठिकाणी, जिथे पारा फार खाली घसरतो, तिथे कुंडी रात्री भिंतीच्या आडोशाला सरकवावी.

छाटणीला मात्र लोक उगाच घाबरतात. मोगऱ्याची पानं फांदीवर समोरासमोर, जोडीने येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. जोडीच्या जरा वर काप घेतला की दोन्ही डोळे फुटतात, एका फांदीच्या दोन होतात. कळ्या येतात त्या या नव्या फुटीच्या शेंड्यावर. म्हणजे न छाटलेला मोगरा उंच वाढेल, पण फुलं मोजकीच देईल. जानेवारीअखेरीस थंडी ओसरू लागली की फांद्या निम्म्यापर्यंत छाटाव्यात, वरची माती उकरून मुरलेलं शेणखत घालावं आणि मग पाणी वाढवावं. झाड मेलं असं वाटलं, तरी आधी नखाने साल जराशी खरवडून पाहावी. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. अशी कितीतरी जिवंत झाडं कचऱ्याच्या गाडीत जातात.

थंडीतून मोगरा जगवण्याची धडपड तशी जुनी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस दुहेरी पाकळ्यांचा मोगरा गोव्याहून इटलीत तोस्कानाला पोहोचला. तिथला ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो द मेदिची या फुलावर इतका भाळला, की त्याची फांदीही बाहेर जाऊ देत नसे असं सांगतात. फ्लॉरेन्सजवळच्या कास्तेल्लोच्या बागेत या मोगऱ्यासाठी खास उबदार घर होतं. त्या जातीला आजही तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकचंच नाव आहे.

आज न्यू जर्सीतली मराठी घरं हेच काम खिडकीपाशी करतात. तिथे बर्फात मोगरा बाहेर जगत नाही. रात्रीचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास येऊ लागलं की कुंडी आत घ्यावी, दक्षिणेकडच्या उजेडाच्या खिडकीत ठेवावी. हीटरच्या कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी ही कीड हमखास येते, म्हणून पानं खालून धुवावीत. पाणी इथेही बेतानेच. मे महिन्यात गोठवणारी थंडी संपल्यावर कुंडी लगेच भर उन्हात न ठेवता आठवडाभर सावलीत ठेवून मग उन्हात न्यावी, नाहीतर पानं करपतात.

महाराष्ट्रातल्या शहरांत हिवाळ्यातल्या जास्त पाण्याचा हा प्रश्न एकेका घरापुरता नाही. अनेक सोसायट्यांच्या बागांना बाराही महिने एकाच मापाने पाणी मिळतं, आणि माळ्याचं काम नळी किती वेळ चालली यावर जोखलं जातं. माळ्याला माहीत असतं की मोगऱ्याला आता पाणी नको. पण कोरडी माती दिसली की बोलणी त्यालाच खावी लागतात. सोसायटीच्या समित्यांनी नोव्हेंबर ते जानेवारीचं पाण्याचं वेगळं वेळापत्रक माळ्याला विचारून ठरवावं, ते सूचनाफलकावर लावावं आणि छाटणीचे दिवस त्याच्या कामात धरून त्याचे पैसे द्यावेत. पाणीही वाचेल आणि मार्चमध्ये नव्या रोपांवर होणारा खर्चही.