सिंधूचे काम करणाऱ्या लेकीस



कापसाची वेचणी अर्ध्यावर आली की आपल्या वऱ्हाडात गॅदरिंगचे दिवस येतात. या हिवाळ्यात दर्यापूरकडच्या एका गावी तुरीवरची घाटेअळी पाहायला गेलो होतो. तिथे कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने विचारले, "काका, 'एकच प्याला'मध्ये मला सिंधूचे काम दिले आहे. तयारी कशी करू?" तिचे वडील शेजारीच फवारणीचा पंप धूत होते. पोरीने चारचौघांत असे काम करावे की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकत असताना मी नाटकाला पडद्याआडून प्रॉम्प्टिंग करीत असे. तेवढ्या अनुभवावर दोघांनाही उत्तर देतो. असे प्रश्न आणखीही घरांत असतील.

हे नाटक राम गणेश गडकरी यांचे. ते २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्या विदर्भातच, सावनेरला वारले आणि महिन्याच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास या नाटकाचा पहिला प्रयोग केला. सुधाकर नावाचा हुशार वकील दारूच्या नादी लागतो आणि त्याची तरुण बायको सिंधू प्रेमापायी शेवटपर्यंत त्याच्याजवळच राहते. शेवटी त्या घरात कुणीच उरत नाही.

पहिली सिंधू केली ती बालगंधर्वांनी. तेव्हा त्यांचे वय तीस होते. विलायतेत शेक्सपिअरच्या काळीही चौदा वर्षेसुद्धा पूर्ण न झालेल्या ज्युलिएटचे काम मुलगेच करीत. तिकडे बायका रंगभूमीवर आल्या त्या १६६० नंतर. पुरुषांनी बायका न्याहाळून जे साधले, ते आपल्या लेकीच्या घरातच आहे. तेव्हा वडिलांनी खुशाल परवानगी द्यावी. मात्र तालीम सुटल्यावर घरचे कुणीतरी आणायला जावे.

आता तयारीचे. पेरणीआधी जमीन तयार करावी लागते, तसेच इथेही आहे.

पहिले म्हणजे, फक्त स्वतःची नक्कल पाठ करू नको, सबंध नाटक दोनदा वाच. गडकऱ्यांची वाक्ये लांब आहेत. दम कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने खूण कर आणि मोकळ्या वावरात उभी राहून मोठ्याने म्हण. धुऱ्यावरच्या माणसाला शब्द कळला तर मंडपातल्या शेवटच्या रांगेलाही कळेल.

दुसरे, पहिल्या अंकापासून रडका चेहरा ठेवू नको. सिंधूला पुढचे काहीच ठाऊक नाही. तिचा संसार आधी सुखाचा दिसला, तरच तो मोडलेला लोकांना लागेल.

तिसरे, जाते. सिंधू दळण दळून घर चालवते. गिरणी आल्यापासून आपली जाती कोपऱ्यात पडली आहेत. आजीला ते बाहेर काढायला सांग. शेरभर ज्वारी रोज आठ दिवस दळ. एक पाय पसरून कसे बसायचे, खुंटा कसा धरायचा, मूठ मूठ दाणे घालताना लय कशी मोडू द्यायची नाही, हे हाताला कळू दे. त्या गावची एक म्हातारी मला म्हणाली, "जातं हातानं नाई फिरत, कंबरेनं फिरते." हे पुस्तकात मिळणार नाही. दळताना गाणे म्हणायचे तर दम जात्याच्या फेऱ्याबरोबर सुटला पाहिजे. हाताला फोड आले की मग अंगविक्षेप करावे लागत नाहीत. घरात नऊवारी नेसून वावरायची सवयही याच दिवसांत कर.

चौथे, हशा. तळीरामाच्या दारूबाज मंडळींना आपले लोक पोट धरून हसतात. त्या हशाने गांगरू नको. आवाज चढवून लोकांना गप्प करायला जाऊ नको. काम करीत राहा, हसणारे आपोआप थांबतात. रडायचेही नाही. आलेले रडू जी गिळते तिलाच पाहून बाया पदर डोळ्यांना लावतात.

आणि सिंधू शोधायला लांब जाऊ नको. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील झिंगराजी दारूपायी गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी आली. तिथे मामाच्या वावरात तो पोर राबला आणि पुढे जन्मभर लोकांना दारू सोडा म्हणून सांगत हिंडला. सिंधूने माहेरची वाट धरली नाही, सखूबाईने धरली, म्हणून तो पोर वाचला. दोघींतला हा फरक मनात ठेवून काम कर.

कारण नाटकातली एक गोष्ट घरी आणायची नाही. नवऱ्याच्या हातून मार बसलेला असूनही सिंधू फौजदाराला सांगते की आपण पडलो. रंगमंचावर ते खऱ्या मायेने बोल, लोकांचे काळीज हलले पाहिजे. पण समोर बसलेल्या बायांत अशा खोटे बोलणाऱ्या दोनचार असतातच. त्यांनी सिंधूचे गुण घ्यावेत, तिचे मौन घेऊ नये. आज २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ या नंबरावर बायांना मदत मिळते, आणि गावातले दारूदुकान मतदानाने आडवी बाटली करून बंद करता येते. गॅदरिंगच्या मंडळींनी पडदा पडल्यावर माईकवरून एवढे तीन शब्द सांगावेत. लोक भारावलेले असतात, अशा वेळी सांगितलेले ओलीवर पेरल्यासारखे उगवते.