हेल्मेट घालावं की चेहरा दाखवावा?

इलेक्ट्रॉनिक संगीताची एक मोठी अडचण आहे. ते वाजवताना बघण्यासारखं काही नसतं. ढोलवाल्याच्या दंडाची शीर दिसते, तबलजीची बोटं दिसतात, सनईवाल्याचे फुगलेले गाल दिसतात. लॅपटॉपवाल्याचं काय दिसतं? वाकलेली मान. पोरगा गाणं वाजवतोय की लाइट बिल भरतोय, हे लांबून कळत नाही. म्हणून या संगीतात कपडे, दिवे, मुखवटे यांचं इतकं प्रस्थ. मला तो नुसता नखरा वाटत नाही. मेहनत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिची भरपाई करावी लागते.

आणि वाजवणारे दोघंच असले की पंचाईत आणखी वाढते. चार जणांचा बँड स्टेज भरून टाकतो, एकटा डीजे 'स्टार' म्हणून खपतो. दोघं मात्र गल्ल्यावर बसलेल्या दोन भावांसारखे दिसतात! त्यामुळे जोड्यांना आपलं रूप नीट ठरवावंच लागतं. लंडनच्या 'पेट शॉप बॉईज'नी साधी युक्ती केली. नील टेनंट पुढे गाणार आणि ख्रिस लो मागे कीबोर्डपाशी टोपी-गॉगल लावून ढिम्म उभा राहणार. फ्रान्सच्या 'डाफ्ट पंक'ने तर २००१ पासून डोक्यावर रोबोटची हेल्मेटंच चढवली. वर गोष्टही रचली, की ९ सप्टेंबर १९९९ ला स्टुडिओत स्फोट झाला आणि शुद्धीवर आलो तेव्हा आम्ही रोबोट झालो होतो. २०१४ साली ग्रॅमीचा सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार घ्यायलाही ते हेल्मेट घालूनच आले, आणि बोलले एक अक्षर नाही. २०२१ मध्ये जोडी फुटली, पण हेल्मेटं अजून लोकांच्या लक्षात आहेत.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या ताईचा मुलगा. तो आणि त्याचा परळचा मित्र मिळून असलंच संगीत करतात. दादरच्या त्या दोन खोल्यांत हेडफोन लावून बसलेले असतात, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार नाही. आता पहिला जाहीर कार्यक्रम ठरलाय, फोटो काढायचेत, आणि दोघांनी एलईडी दिव्यांची हेल्मेटं घालायचं ठरवलंय. त्याच्या आजीने ते हेल्मेट बघून विचारलं, "मोटरसायकल कुठे लावलीस रे?" दाजींचं म्हणणं, तोंड लपवून वाजवायला चोरी केलीय का? भाचा म्हणाला, "मामा, चेहऱ्याचं काय एवढं? लोकांनी गाणं ऐकावं."

त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, हे आधी कबूल करतो. चेहरा दिसला की लोक रंग बघतात, आडनाव विचारतात, "कुठे राहतोस" विचारतात. मुखवट्याआड सगळे सारखे. कुणाला तो मोकळेपणा हवासा वाटला तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

तरीही मी या वादात दाजींच्या बाजूने आहे. माझं कारण मात्र वेगळं आहे.

मंडळी, १९५४ च्या 'नागिन'मधली बीन आठवा. सापासमोर वाजते ती. कितीतरी लोकांना आजही वाटतं, की कुणी गारुडीच स्टुडिओत आणला असणार. प्रत्यक्षात ते क्लॅव्हियोलिन नावाचं विजेवर चालणारं कीबोर्ड होतं. कॉन्स्टंट मार्टिन यांनी ते १९४७ साली फ्रान्समध्ये तयार केलं, आणि 'नागिन'साठी ते वाजवलं गिरगावात वाढलेल्या कल्याणजी वीरजी शहांनी. म्हणजे या शहरातला पहिला गाजलेला इलेक्ट्रॉनिक आवाज लोकांच्या डोक्यात बसला तो एका पुंगीवाल्याच्या रूपाने. कल्याणजी पुढे भाऊ आनंदजींबरोबर संगीतकार झाले, म्हणून त्यांचं नाव तरी सर्वांना माहीत झालं.

बाकीच्यांचं काय? सत्तरच्या दशकात मूग सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात आणणारे केरसी लॉर्ड किती जणांना रस्त्यात ओळखू आले असते? चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंडची यंत्रं जोडून दहा रागांची डिस्को तबकडी काढली. पुढे शिकागोत 'ॲसिड हाउस' म्हणून जे गाजलं, त्याच्याशी तिचं विलक्षण साम्य. ती पुन्हा बाजारात आली थेट २०१० साली. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी युरोपात कार्यक्रम केले आणि २०१५ मध्ये ते गेले. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या वाद्यवृंदात, पडद्यामागे.

माझा मुद्दा एवढाच आहे. डाफ्ट पंकने हेल्मेटं चढवली ती आपल्या मर्जीने, आणि तीही पहिला अल्बम गाजल्यावर. आमच्या शहरातल्या वादकांचे चेहरे झाकलेलेच होते, त्यांना कुणी विचारलंही नाही. गमावण्यासारखी ओळख आधी हातात असेल तर ती लपवण्यात मजा आहे. दादर-परळच्या दोन पोरांना अजून कोण ओळखतंय?

आणि आपल्याकडे रूपाची वानवा आहे असंही नाही. लालबाग-परळच्या बेंजो पार्ट्या बघा. एकाच रंगाचे टी-शर्ट, पाठीवर पार्टीचं नाव, बेंजोला लावलेली वायर आणि घामाने निथळणारे चेहरे. विजेवरचंच वाद्य आहे ते, पण वाजवणारा पोरगा कोणत्या चाळीतला हे गल्लीला ठाऊक असतं. किंवा २०२४ चं 'तांबडी चामडी' घ्या. क्रेटेक्स आणि श्रेयस या जोडीचं हे मराठी हाउस गाणं 'स्पिनिन रेकॉर्ड्स' या डच कंपनीने काढलं. नावातच कातडीचा रंग! जो रंग झाकायला आपल्याकडे क्रीम विकतात, तो त्यांनी गाण्याच्या पाटीवर लिहिला, आणि जग त्यावर नाचलं.

म्हणून भाच्याला माझा सल्ला असा. पहिले फोटो उघड्या चेहऱ्याने काढा. खाली दोघांची पूर्ण नावं घाला, कुणी काय वाजवलं तेही लिहा. कपडे हवे तेवढे चित्रविचित्र करा, त्याला माझी ना नाही. दोन वर्षांनी लोक नावाने हाका मारू लागले, की खुशाल हेल्मेट घाला. तेव्हा आत कोण आहे हे लोकांना माहीत असेल.

तो ऐकेल की नाही, कुणास ठाऊक. हेल्मेटचे पैसे भरून झालेत म्हणे. असो, कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत असणार. नातेवाईक मंडळींनीही यावं, आणि डावीकडचा आपला की उजवीकडचा हे निदान आधी विचारून ठेवावं.