राजकन्येच्या आड दडलेली कामकरी स्त्री

अनातोल लिट्व्हाक यांच्या ‘अनास्तासिया’ (1956) या चित्रपटाची मोहिनी इतक्या वर्षांनंतरही ओसरलेली नाही. काळ 1928 चा, स्थळ पॅरिस. क्रांतीनंतर परागंदा झालेला रशियन जनरल बूनिन (यूल ब्रिनर) सीनकाठी जीव द्यायला निघालेल्या एका स्मृतिभ्रष्ट स्त्रीला हाताशी धरतो आणि 1918 मध्ये सहकुटुंब मारल्या गेलेल्या झारची धाकटी कन्या म्हणून तिला पढवू लागतो. त्याचा डोळा असतो तो इंग्लंडातील बँकेत झारने ठेवलेल्या एक कोटी पौंडांवर.

चित्रपटाचा खरा प्राण मात्र कोपनहेगनमधील भेटीत आहे. वृद्ध राजमाता (हेलन हेज) त्या स्त्रीला प्रथम झिडकारते. मग भेदरलेल्या त्या स्त्रीला खोकल्याची ढास लागते. आपली नात घाबरली की अशीच खोकत असे, हे आजीला आठवते आणि ती तिला पोटाशी धरते. ही आपली नात नसेलच, तर ते आपल्याला कधी कळू नये, असेच त्या म्हातारीला वाटते. माणसाची ओळख ही त्याच्या स्वतःजवळ नसून दुसऱ्याच्या संमतीत असते, हे इतक्या हळुवारपणे क्वचितच कोणी दाखविले असेल. इन्ग्रिड बर्गमनला या भूमिकेबद्दल ऑस्कर मिळाले ते योग्यच होते.

तथापि चित्रपटाने एक गोष्ट सोयिस्करपणे गाळली आहे. त्याच्यापुढे पर्याय दोनच : ही स्त्री राजकन्या, नाही तर कोणीच नाही. वास्तविक ती कोणीतरी होती. फेब्रुवारी 1920 मध्ये बर्लिनच्या कालव्यात उडी घेतलेली आणि पुढे ॲना अँडरसन या नावाने गाजलेली स्त्री ही फ्रान्झिस्का शान्झकोव्स्का नावाची पोलिश कामगार आहे, हे 1927 मध्येच, म्हणजे चित्रपटाच्या 29 वर्षे आधी, बर्लिनच्या एका वृत्तपत्राने छापले होते. महायुद्धाच्या काळात ती दारूगोळ्याच्या कारखान्यात राबत असे. 1916 मध्ये तिच्या हातून निसटलेला हातबॉम्ब फुटला, मुकादम तिच्या डोळ्यांदेखत ठार झाला, ती जखमी झाली आणि पुढे वेड्यांच्या इस्पितळात गेली. अंगावरील याच व्रणांत भाविकांना बोल्शेव्हिकांच्या गोळ्यांच्या आणि संगिनींच्या खुणा दिसल्या! कारखान्यातील व्रणांची विचारपूस करण्यास एकही सरदार आला नसता.

भाऊसाहेबांच्या तोतयाची कथा मराठी वाचकाला परिचित आहेच. परंतु 1776 मधील त्या तोतयाने कोकणातील किल्ले घेतले होते, फौज जमविली होती. पुणे दरबाराला धास्ती होती ती त्या बळाची. ॲनाच्या मागे ना राज्य, ना फौज. होती ती केवळ संभाव्य वारशाची आशा, आणि त्या आशेचेही भांडवल झाले. तिच्या दाव्यावर पैसा उभारण्यासाठी अमेरिकेत चक्क कंपनी काढून भाग विकण्यात आले. चित्रपटातील बूनिनचे भागीदार हे नाटककाराच्या कल्पनेचे खेळ म्हणून सोडून देता येत नाहीत ते यामुळे. मात्र झारचे ते कोट्यवधी पौंड कोणाच्याच हाती कधी लागले नाहीत.

1938 मध्ये सुरू झालेला जर्मन न्यायालयांतील दावा 1970 पर्यंत रेंगाळला आणि शेवटी ‘सिद्ध झाले नाही’ एवढेच निष्पन्न झाले. निकाल लागला तो प्रयोगशाळेत. 1994 मध्ये तिच्या जतन केलेल्या ऊतींची डीएनए तपासणी झाली. झारच्या घराण्याशी नाते जुळले नाही, शान्झकोव्स्का कुटुंबाशी जुळले.

चित्रपटाची नायिका अखेरीस मुकुट आणि पैसा दोन्ही झुगारून बूनिनबरोबर निघून जाते. ॲनाला अशी सुटका लाभली नाही. 1984 मध्ये ती अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात वारली. तिची रक्षा बव्हेरियातील झेओन येथे पुरलेली आहे, तीही अनास्तासियाच्याच नावाने.